उन्हाळी सुटीतील दुपार आणि बालकांचे आरोग्य

वार्षिक परीक्षा आटोपल्या, निकालपत्रके वाटली गेली आणि शाळेच्या दाराला कुलूप लागले, म्हणजे पुढील पाच-सहा आठवडे मुलांच्या आरोग्याचा भार सर्वस्वी पालकांवर आहे, असा समज शिक्षकवर्गात सर्वत्र आढळतो. नियमांच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु जळगाव व धुळे जिल्ह्यांतील उन्हाळी सुटीचा विचार केला असता तो अपुरा ठरतो. येथे सुटी ज्या महिन्यात पडते, तोच महिना वर्षातील सर्वांत कडक होय. तापीच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर कित्येक दिवस टिकून राहतो आणि काही वर्षी जळगाव-भुसावळ भागात तो ४५ अंशही ओलांडतो. भारतीय हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे, मैदानी प्रदेशात एखाद्या ठिकाणी ४५ अंश तापमान झाले की तेथील सरासरी कितीही असो, ती उष्णतेची लाट समजावयाची. ४७ अंशांस ती तीव्र लाट होते. म्हणजे इतर जिल्ह्यांत ज्यास अपवाद म्हणतात, त्याची खानदेशातील मुलाला सवय करून घ्यावी लागते.

शाळा चालू असताना ती मुलास काही गोष्टी न बोलता देत असते. ठरावीक वेळी उठणे, डोक्यावर छप्पर, पिण्याचे पाणी आणि दुपारचा घास, ह्या चार गोष्टींकडे ती आहेत तोवर कोणाचेच लक्ष जात नाही. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली म्हणजे मूल पहाटे उठते, गारव्यात अभ्यास करते आणि ऊन तापण्याच्या आत घरी पोहोचते. सुटी लागताच हा क्रम नेमका उलटा होतो. मुले सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात लोळतात, आणि बाहेर पडतात ती दहा-अकरानंतर. आईवडील शेतात किंवा लग्नकार्यात असतात. मग साडेअकरा ते साडेचार हा जो दिवसाचा सर्वांत धोक्याचा भाग, तोच मुलांच्या भटकंतीचा होतो. सुटीतील आजारांपैकी व अपघातांपैकी पुष्कळांचे मूळ ह्या एका अदलाबदलीत आहे. शिक्षकांनी सुटीपूर्वी मुलांस व पालकांस जे सांगावयाचे, त्याचा गाभा हाच असावा की सुटीतील आरोग्य म्हणजे मुख्यतः दुपारचे आरोग्य.

माठाचा पाठ

उन्हाची बाधा कशी होते हे मुलांस समजावून देण्यास खानदेशातील प्रत्येक घरी एक उत्तम साधन आहे. ते म्हणजे मातीचा माठ. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाळेच्या व्हरांड्यात, सावलीत, एक नवा माठ आणि एक स्टीलचा हंडा शेजारी शेजारी ठेवावा. दोहोंत एकाच रांजणातील पाणी भरावे. दोन-तीन तासांनी मुलांस हात घालून पाहावयास सांगावे. तापमापक असल्यास अधिक चांगले. माठातील पाणी हंड्यातील पाण्यापेक्षा स्पष्टपणे गार लागते. त्याचे कारण मुलांकडूनच काढून घ्यावे. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेरच्या अंगास येऊन त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातील उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते.

मनुष्याचा देह उन्हाळ्यात ह्या माठाप्रमाणे वागतो. शरीराच्या आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिले पाहिजे. त्वचेचे तापमान त्याहून थोडे कमी, सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून गार असेल तोवर देहातील उष्णता आपोआप बाहेर जात राहते. परंतु हवा ४३ अंशांची झाली म्हणजे प्रवाह उलट फिरतो. बाहेरची उष्णता देहात शिरू लागते. मग देहापाशी घामाखेरीज दुसरा उपाय राहत नाही. घाम त्वचेवर येऊन वाळला तरच अंग गार होते. लहान मुलाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्याचे वजन कमी, पण वजनाच्या मानाने त्वचेचा विस्तार मोठा. त्यामुळे तप्त हवेतील उष्णता त्याच्या अंगात मोठ्या माणसापेक्षा लवकर शिरते.

येथवर सर्व पाठ्यपुस्तकातलेच आहे. खानदेशाचे वैशिष्ट्य यापुढे आहे, आणि नेमके तेच सांगावयाचे राहून जाते. कोकणात घामाने सदरा भिजतो, थेंब गळतात, आणि माणसास आपले पाणी जात आहे हे दिसते. येथील वारा इतका कोरडा की घाम येतो न येतो तोच वाळून जातो. मूल दोन तास उन्हात खेळून आले तरी त्याचा सदरा कोरडा असतो, आणि आईला वाटते की ह्याला फारसा घाम आलाच नाही. वस्तुतः बराच घाम आलेला असतो. तो वाऱ्याने नेलेला असतो. सदऱ्यावर किंवा टोपीच्या काठावर उमटलेल्या पांढऱ्या रेषा हीच काय ती त्याची खूण. तहानेवरही भिस्त ठेवता येत नाही, कारण खेळाच्या नादात मूल ती विसरते, आणि तहान जाणवते तेव्हा शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते. माठ रिकामा झाला म्हणजे तो इतर भांड्यांसारखाच तापतो, एवढे वाक्य मुलांच्या ध्यानात राहिले तरी पाठ सफल झाला.

पाणी पुरेसे जात आहे की नाही हे ओळखण्याचा सोपा उपाय प्रत्येक मुलास शिकविता येतो. लघवीचा रंग फिका, गवताच्या काडीसारखा असावा. तो गडद पिवळा झाला, प्रमाण कमी झाले, जळजळ होऊ लागली, म्हणजे ज्यास घरोघरी ‘उन्हाळी लागली’ म्हणतात ती अवस्था आली; त्यापूर्वीच पाणी वाढवावयास हवे होते. हा विषय वर्गात काढण्यास काही शिक्षक संकोचतात. संकोचाचे कारण नाही. मुलींना तो शिक्षिकेने वेगळा सांगावा, कारण प्रवासात वा लग्नघरी आडोसा मिळणार नाही म्हणून पाणीच न पिण्याची सवय मुलींत फार आढळते.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही समजूत दोन्ही जिल्ह्यांत जुनी आहे. कांदा खिशात ठेवल्याने अपाय होत नाही आणि उपायही होत नाही. मात्र कांदा आहे म्हणून मूल निर्धास्तपणे उन्हात फिरू लागले तर तो अपायच म्हटला पाहिजे. याउलट कैरीचे पन्हे आणि मीठ घातलेले ताक यांमागे खरा आधार आहे. घामाबरोबर पाणी जाते तसेच मीठही जाते, आणि ही दोन्ही पेये ते परत देतात. आजीबाईंचे सर्वच ज्ञान टाकाऊ नाही आणि सर्वच घेण्याजोगेही नाही. कोणते कसे ठरवावे, हे मुलांस ह्या दोन उदाहरणांवरून शिकविता येईल.

ऊन लागणे आणि उष्माघात

तापमापकातील आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त राहू नये, ह्याचे दुःखद उदाहरण महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभास फार मोठा जनसमुदाय उघड्या मैदानावर तासन्‌तास बसला होता. त्या भागातील तापमान त्या दिवशी सुमारे ३८ अंश होते. खानदेशात ३८ अंश म्हणजे बरा दिवस. तरीही त्या उन्हाने १४ जणांचे प्राण गेले. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, वर सावली नव्हती, आणि बसण्याचा अवधी लांबला. आकडा, ओलावा, सावली आणि वेळ ह्या चारही गोष्टी मिळून धोका ठरतो. मे महिन्यात लग्नाच्या वरातीत तापल्या रस्त्यावर दोन-दोन तास नाचणारी मुले डोळ्यांसमोर आणली, तर ह्या उदाहरणाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

ऊन लागण्याच्या दोन पायऱ्या आहेत आणि शिक्षकाने त्या वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिल्या पायरीत मूल गळून जाते. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, पोटऱ्यांत गोळे येतात. परंतु ते शुद्धीवर असते व विचारलेल्याचे नीट उत्तर देते. अशा मुलास सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसावे व घोटघोट पाणी, पन्हे किंवा जलसंजीवनी द्यावी. साधारण अर्ध्या तासात उतार पडला पाहिजे; न पडल्यास दवाखान्यात न्यावे.

दुसरी पायरी ही उष्माघाताची. देहाचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले की मेंदूचे काम बिघडते. मूल असंबद्ध बोलू लागते, ओळखीच्या माणसास ओळखत नाही, झोकांड्या खाते, झटके येतात किंवा बेशुद्ध पडते. पूर्वी असे शिकविले जाई की उष्माघातात त्वचा कोरडी असतेच. उन्हात धावपळ केलेल्या मुलाच्या बाबतीत हे नेहमी खरे नसते. त्याचे अंग घामेजलेलेही असू शकते. म्हणून त्वचेवरून नव्हे, तर मुलाच्या भानावरून निर्णय करावा. नाव विचारावे, गाव विचारावे. उत्तर विसंगत आले की १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि ती येईपर्यंत एक क्षणही न दवडता अंग गार करावयास लागावे. सावलीत आणून जास्तीचे कपडे काढावेत, सर्वांगावर पाणी ओतीत राहावे, जोराने वारा घालावा. मान, काखा व जांघा येथे बर्फ किंवा गार पाण्याची फडकी ठेवावीत. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी येथे निरुपयोगी असते, कारण हा ताप जंतूंमुळे आलेला नसून बाहेरच्या उष्णतेने आलेला असतो. पुष्कळदा घरचे लोक गोळी देऊन ती लागू पडण्याची वाट पाहत बसतात, आणि त्यातच मोलाची वेळ निघून जाते.

नाकाचा घोळणा फुटणे हे ह्या भागातील मुलांचे नित्याचे दुखणे. कोरड्या हवेने नाकातील नाजूक त्वचा सुकते, तिला भेगा पडतात व रक्त येते. मुलास पाठीवर निजविण्याची पद्धत चुकीची आहे, कारण रक्त घशात उतरते. त्यास बसवून डोके किंचित पुढे झुकवावे आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटे सोडू नये. दहा मिनिटे म्हणजे घड्याळाची. दर मिनिटास सोडून पाहिले तर रक्त थांबत नाही.

शेजारच्या गुजरातेत अहमदाबाद शहराने जे केले ते ग्रामीण शिक्षकांसही विचारात घेण्याजोगे आहे. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि नंतरच्या अभ्यासात असे आढळले की त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले होते. त्यातून २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा सामना करण्याची योजना आखली. तिच्यात यंत्रसामग्री फारशी नव्हती. आदल्या दिवशी सूचना देणे, पाण्याची सोय, बसावयास सावलीच्या जागा आणि दवाखान्यातील माणसांस शिक्षण, असे तिचे साधे स्वरूप होते. खेड्यात ह्यातील पुष्कळसे ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून, देवळाच्या सभामंडपात आणि पाणपोईवर होऊ शकते. गावातील एक गार जागा दुपारी मुलांसाठी राखून ठेवावी, तेथे वाचनालयातील चाळीस-पन्नास पुस्तके, सोंगट्या, बुद्धिबळाचा पट असावा, आणि देखरेखीस सेवानिवृत्त शिक्षक किंवा मोठ्या वर्गातील विद्यार्थी पाळीपाळीने बसावेत, अशी व्यवस्था सुटीपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठरविता येईल. जागा निवडताना मात्र डोळसपणा हवा. पत्र्याची खोली दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षाही अधिक तापते. खानदेशातील जुनी धाब्याची घरे गार असत, कारण मातीच्या जाड थरातून दुपारची उष्णता आत उतरावयास रात्र होई. ती घरे गेली, पत्रे व स्लॅब आले, आणि खेड्यातील मुलाची घरातील दुपार पूर्वीपेक्षा कठीण झाली. निंबाचे मोठे झाड असल्यास त्याची सावली पत्र्याच्या शाळाखोलीपेक्षा कधीही श्रेष्ठ.

आखाजीचे पाहुणे

आखाजी हा खानदेशाचा सर्वांत आवडता सण वैशाखात, ऐन उन्हात येतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, आमरस व पुरणपोळीची जेवणे होतात. सुरत, नाशिक, कल्याण, पुणे येथे पोटासाठी गेलेली कुटुंबे ह्याच सुमारास गावी परततात. ह्या पाहुण्या मुलांकडे शिक्षकांचे लक्ष असावे, जरी ती आपल्या पटावरील नसली तरी. देहास नव्या उष्णतेची सवय होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. सुरतेच्या दमट हवेत किंवा पुण्याच्या मानाने सौम्य उन्हात वाढलेले मूल रात्रीच्या गाडीने उतरते आणि दुसऱ्याच दिवशी मामाच्या मुलांबरोबर भर दुपारी शिवारात हिंडते. गावच्या मुलांस जे सोसते ते त्याला सोसत नाही, आणि पाहुणा म्हणून त्याला कोणी अडवीतही नाही. पहिला आठवडा दुपारी घरात, हा नियम गावच्या मुलांनीच आपल्या आतेभावंडांस घालून द्यावा, असे वर्गात सांगितल्यास ते ती मोठ्या अधिकाराने पाळवून घेतात.

सणासुदीच्या व लग्नाच्या जेवणांनी होणारे त्रास उन्हाळ्यात का वाढतात, हेही सांगण्याजोगे आहे. शिजविलेल्या अन्नातील जंतू उबेत फार वेगाने वाढतात. अनुकूल स्थितीत काही जातींची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. सकाळी दहाला तयार झालेली बासुंदी दुपारी तीनच्या पंगतीला वाढली जाते, तेव्हा त्या पाच तासांत काय झाले असेल याचा हिशेब चौथीच्या मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. दुपटीचे गणित इतक्या उपयोगी रीतीने क्वचितच शिकविता येते. वऱ्हाडाच्या टाकीतील पाणी, उघड्यावर चिरलेली टरबुजे व गाड्यावरचा बर्फ ही तशीच संशयास्पद. कारखान्यांत थंडावा ठेवण्यासाठी केलेला बर्फ खाण्यासाठी नसतो, आणि तो ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली करण्यात आला. बर्फ पांढरा आहे म्हणून तो शुद्ध पाण्याचाच असेल, असे मात्र कोणी समजू नये.

जुलाब सुरू झाले तर उपचाराचा पहिला भाग प्रत्येक घरात होऊ शकतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून देण्याचे द्रव संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व साखरेचे प्रमाणशीर पाणी मोठ्या प्रमाणावर पाजण्याचा मार्ग धरला. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण २०२३ साली जाहीर झाले. साखरेच्या सोबतीने आतड्यातून मीठ व पाणी शरीरात ओढले जाते, हे त्यामागील तत्त्व. पुडी मिळाल्यास ती उत्तम. न मिळाल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट भरलेले सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा समजावा. मीठ अंदाजाने टाकू नये. जास्त मीठ लहान मुलास घातक ठरते. सुटीपूर्वी हे द्रावण तिसरीपासून पुढील प्रत्येक मुलाने एकदा स्वतःच्या हाताने करून चाखलेले असावे. चव अश्रूंहून खारट नसावी, ही जुनी कसोटी मुलांच्या चांगली लक्षात राहते.

विहिरी, शेततळी आणि रात्र

उन्हाने तापलेल्या मुलास पाण्याची ओढ असणारच, आणि पोहण्यासारखा सर्वांगास व्यायाम देणारा दुसरा खेळ नाही. म्हणून पाण्यात जाऊच नका, हा उपदेश फुकट जातो. एकट्याने जाऊ नये, पाठीस डबा वा भोपळा बांधल्यावाचून शिकू नये, काठावर पोहणारा जाणता मनुष्य असल्यावाचून उतरू नये, इतके मुले ऐकतात. विहिरीतील पाणी मे महिन्यात खाली गेलेले असते. गेल्या वर्षी जेथून उडी मारली तेथे यंदा खडक वर आलेला असू शकतो. नव्याने आलेला धोका शेततळ्यांचा आहे. त्यांच्या उतारावर प्लास्टिकचे अस्तर असते. ते ओले झाले म्हणजे पोहता येणाऱ्यासही वर चढता येत नाही. पाय घसरतो आणि हातास धरावयास काही सापडत नाही. शेततळ्याच्या चारही बाजूंस गाठी मारलेला दोर सोडून ठेवण्यास खर्च नगण्य आहे. ग्रामसभेत हा विषय शिक्षकांनी आवर्जून काढावा, कारण शेततळ्याचा मालक आपल्या पिकाच्या चिंतेत असतो आणि ह्या गोष्टीचे त्याला सहसा स्मरण होत नाही.

बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी मुलांनी स्वतः उडी घेऊ नये. दोर, धोतर, साडी, बांबू जे हाती येईल ते फेकावे आणि ओरडून माणसे जमवावीत. एकापाठोपाठ एक भावंडे बुडाल्याच्या घटना घडतात त्या उडी घेतल्यामुळेच. बाहेर काढलेल्या मुलाचे पोट दाबणे, त्याला उलटे धरून फिरविणे ह्यांत वेळ दवडू नये. श्वास नसल्यास तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे हेच लगेच सुरू करावे. त्याचे प्रात्यक्षिक प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून शिक्षकांनी करून घ्यावे. वाचून ते येत नाही.

रात्री अंगणात निजण्याची रीत आरोग्यास उत्तम आहे. निजावे ते खाटेवर, जमिनीवर नव्हे, आणि सकाळी चप्पल-बूट झटकून पायात घालावेत. लाल विंचवाच्या दंशात वेदनेपेक्षा भरपूर घाम, उलट्या व गार पडणारे हातपाय ही चिन्हे अधिक गंभीर असतात. महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून अशा रुग्णांचे प्राण वाचविता येतात हे दाखवून दिले. त्यांस २०२२ साली पद्मश्री मिळाली. उपचार आहे, पण तो मांत्रिकाकडे नाही, हे सांगण्यास एवढे पुरे.

सुटीतील घास आणि खेळ

शाळेतील शिजविलेल्या आहारातून पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीच्या मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. सुटी लागताच हा घास थांबतो. सधन घरी त्याची उणीव भासत नाही. शेतमजुरांच्या, तसेच ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या कुटुंबांच्या मुलांस, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतील पाड्यांवर ती भासते. दुष्काळी भागात उन्हाळी सुटीतही शाळेतील आहार चालू ठेवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिलेला आहे. ज्या वर्षी तालुका दुष्काळग्रस्त जाहीर होईल त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ह्याबाबत वरिष्ठांकडे वेळीच विचारणा करावी.

एरवी पालकसभेत सांगावयाचे ते घरच्याच अन्नाविषयी असावे. ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी ही ह्या प्रांताची देणगी आहे. ज्वारीच्या प्रथिनांत जे उणे असते ते उडीद भरून काढतो आणि उडदात जे उणे ते ज्वारी. तिच्याबरोबर भुईमुगाच्या दाण्यांची चटणी व ताक असले म्हणजे दुपारचा घास पुष्कळसा पुरा होतो. आंबा पिकलेला असतोच. त्यातून डोळ्यांना हितकर असे अ जीवनसत्त्व मिळते. वाळूपट्टीतील खरबुजे, ज्यांस येथे डांगरे म्हणतात, ती पाणी व गोडी दोन्ही देतात. रंगीत बाटल्यांतील पेयांवर खर्च होणाऱ्या पैशात ह्यांतील बरेच काही येते.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज निदान एक तास अंगमेहनतीचा खेळ खेळावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. खानदेशातील मे महिन्यात हा तास सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी सहानंतर काढावा लागतो. सूर्यनमस्कार, हुतुतू, आट्यापाट्या, लगोरी, सूरपारंब्या ह्यांस खर्च नाही. सकाळच्या शाळेची उठण्याची वेळ सुटीतही न बदलणे, ही ह्यातील खरी कळ होय. मूल साडेपाचला उठले की खेळ आपोआप गारव्यात होतो आणि दुपारी त्याला झोपही येते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० ह्या काळात शिक्षक असलेले साने गुरुजी छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडीत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. वर्ग सुटल्यानंतरचे मूल हाही त्यांच्या शिक्षकीपणाचा भाग होता. तेवढे करणे प्रत्येकास साधणार नाही. पण गावात राहणाऱ्या शिक्षकाने आठवड्यातून दोन वेळा सकाळी साडेसहाला मैदानावर उभे राहावे, इतके पुष्कळांस साधेल.

सुटी लागण्याच्या दिवशी प्रत्येक मुलाचे वजन करून हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर मांडून ठेवावे. जूनमध्ये शाळा उघडेल त्या आठवड्यात त्याच काट्यावर, त्याच वेळी, शक्य तर तसल्याच कपड्यांत पुन्हा वजन करावे. ह्या वयाची मुले वर्षास साधारण दोन ते तीन किलोने वाढतात; दीड महिन्यात पाव किलोची भर अपेक्षित धरावी. वजन तेवढेच राहिले तर काळजीचे कारण नाही. ज्यांचे एक किलो किंवा त्याहून अधिक उतरले असेल, त्यांची नावे वेगळी काढून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास द्यावीत, आणि त्या मुलांस सुटी कशी गेली हे एकेकट्याने, वर्गासमोर नव्हे, विचारावे. शाळेत काटा नसल्यास अंगणवाडीचा काटा मागून आणता येतो; मात्र एप्रिलमध्ये तो वापरला असेल तर जूनमध्येही तोच आणावा.